भेसळ काढायचे दिवस

धान निसवला की मला राग येतो.

यंदाही लोंबी बाहेर पडल्या आणि तो आला. परवा सकाळी गोदामाचं शटर वर केलं आणि तलावाकडून तो वास आला. धानाच्या फुलाला वास असतो असं सांगितलं तर शहरातलं माणूस हसतं, कारण त्याला फूलच कधी दिसलेलं नसतं. दिसणार तरी कसं? तांदळाच्या कणीपेक्षा लहान. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तूस उघडतं, पांढुरके केसर बाहेर लोंबतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं पुन्हा मिटून जातं. तेवढ्या वेळात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहिलं तर कोमट दुधासारखा वास येतो, त्यात खालच्या चिखलाचा थोडा आंबूसपणा. पोळा होऊन गेलेला असतो, भुलाबाई अजून बसायची असते, ऊन अंगाला चावू लागलेलं असतं. लोक म्हणतात, हे दिवस सुखाचे. रोवणी आटोपली, कापणी लांब आहे, बसा तलावाच्या पाळीवर. मला या दिवसांनी कधी बसू दिलं नाही. हे आमचे भेसळ काढायचे दिवस.

आमचा गट बियाण्याचा धान पिकवतो. खायच्या धानात चार झाडं वेगळी निघाली तर कोणाचं काही अडत नाही, ताटात सगळा भातच. बियाण्याचं तसं नाही. एका वाणाच्या शेतात दुसऱ्या वाणाचं झाड उभं असेल तर ते मुळासकट उपटायचं आणि धुऱ्याबाहेर नेऊन टाकायचं. एखादं हातभर उंच वाढलेलं, एखादं आठ दिवस आधीच निसवलेलं, एखाद्याच्या बुंध्याला जांभळा रंग, एखाद्याच्या दाण्याला कुसळ. मग तपासणीचे साहेब येतात, ओळीओळीतून चालतात. ठरलेल्यापेक्षा जास्त वेगळी झाडं निघाली की ते शेत बियाण्यातून बाद. म्हणजे एकसारखेपणा हाच आमचा माल. शेतात कोणाचं डोकं वर दिसता कामा नये.

बारा वर्षं हे काम माझं होतं. बायांना घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायचं, साहेबांबरोबर ओळीतून चालायचं, दुकानदारांशी घासाघीस करायची. ‘होतं’ असं लिहिताना अजून हात थांबतो.

मी शिकून इथे आलेली नाही. आंधळगावच्या बाजारात मी उकडलेले शिंगाडे विकत असे. बाप तलावातून काढायचा, आई रात्रीतून उकडायची, आणि सकाळी टोपलं घेऊन मी पोत्यावर बसायचे. गिऱ्हाईक यायचं, एक उचलायचं, चाखायचं. दुसरा उचलायचं, ‘हा गोड हाये का पाहू दे.’ तिसरा खिशात. आणि मग न घेताच निघून जायचं. चार-पाच बाजार मी नुसती पाहत राहिले. सहाव्या बाजाराला एका धोतरवाल्याचं मनगट टोपल्यातच धरलं. म्हटलं, ‘चाखून झालं ना जी? आता घ्या, नाही तर खाल्लेलं परत द्या.’ माणसं हसली. त्याने घेतले. त्या दिवशी मला कळलं की माझ्या हाताला एक गुण आहे: धरलं की सुटत नाही. पुढे रोवणीच्या बायांची टोळी केली तेव्हा तोच गुण कामी आला, आणि गटात आले तेव्हा गटाने मला घेतलं तेही त्याच गुणासाठी. कोणी मला फुकट उभं केलेलं नाही, हे एवढं एकदा लिहून ठेवते.

आता गेल्या वर्षीचा हाच हंगाम.

शालिकची बांधी तलावाच्या खालच्या अंगाला आहे. शालिक आमच्याच गटातला. बियाण्याच्या वाणांची नोंद, पेरणीची तारीख, कोणत्या बांधीत काय, हे सगळं त्याच्याकडे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलायला लागला की वाटतं, याचं वाक्य संपायच्या आधी आपलं वय निघून जाईल. आमच्याकडे धानाचे हलके आणि भारी असे प्रकार आहेत. हलका धान वरच्या जमिनीत लावतात, लवकर पिकतो, वेळेवर कापला नाही तर दाणा झडून मोकळा होतो. भारी धान खोलगट बांधीत, पाण्यात पाय देऊन उभा राहतो, लोकांची कापणी होऊन मळणी लागली तरी हा हिरवाच. शालिक भारी धान. मी हलकी की काय हे मला ठाऊक नाही, पण एवढं ठाऊक आहे की दोन्ही एकाच बांधीत पेरले तर शेतकऱ्याची पंचाईत होते. आधी कापावं तर अर्धं कच्चं, थांबावं तर अर्धं खाली. आमच्या गटाने आम्हा दोघांना एकाच बांधीत पेरलेलं आहे.

तर तपासणी दोन दिवसांनी होती ती एकदम दुसऱ्या सकाळवर आली. मी दुकानदारांच्या फेरीवर होते, शेतात पायच पडला नव्हता. दुपारी आले ती तशीच बायांना घेऊन बांधीत शिरले. बाकी शेत छान, एका पातळीत. पण दक्षिणेच्या कोपऱ्यात एक पट्टा वर आलेला. हातभर उंच, पानं काळपट हिरवी, बाकीचं निसवलं तरी याची लोंब अजून पोटरीत, पानाच्या आतच. लांबून नजर पडावी असा.

‘उपटा,’ मी म्हटलं.

सिंधू, म्हणजे आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई, वाकून पाहत राहिली. ‘ताई, बुंधा तर सारखाच दिसून राहिला.’

‘तुले बुंधा दिसते, मले साहेब दिसून राहिला. उपट.’

शालिक धुऱ्यावर होता. त्याने हात थोडा वर केला. ‘ताई, तिथं उन्हाळ्यात मेंढ्या...’

‘मेंढ्या गेल्या खड्ड्यात! तू बाजूले हो.’

बाजूला झाला. आठ बाया, दिवस मावळेपर्यंत. भारेच्या भारे धुऱ्यावर पडले. कोपरा बोडका झाला, पाणी उघडं पडलं, त्यात आभाळ दिसू लागलं. मला वाटलं, चला, एक काम निपटलं.

सकाळी साहेब आले. शेत चालले. परत निघताना धुऱ्यावरचा ढीग पाहून थांबले. एक झाड उचललं, बुंधा पाहिला, लोंब सोलून पाहिली. ‘बाई, हे का उपटलं? हे तर याच वाणाचं आहे.’

उन्हाळ्यात बाहेरून मेंढपाळ येतात. त्यांचा कळप शेतात रात्री बसवून घेतात, लेंड्यांचं खत आयतं मिळतं. शालिकने त्या कोपऱ्यात मेंढ्या बसवल्या होत्या. जमिनीला खुराक मिळाला, म्हणून झाडं उंच झाली, हिरवी झाली, मागे राहिली. वाण तोच. नुसती जागा वेगळी. हे काही मोठं शास्त्र नाही, आमच्याकडे हे पोराटोरांना कळतं. मलाही कळतं. त्या दिवशी कळलं नाही.

आणि मी काय केलं? साहेबांशी भांडले. म्हटलं, ‘उपटलं नसतं तर तुमीच म्हटलं असतं उंच काहून दिसते. उंची वेगळी म्हणजे भेसळच.’ साहेब म्हणाले, नाही. मी म्हटलं, हो. रोवणीपासूनचे दाखले दिले. सिंधू माझा पदर ओढत होती. साहेब शेवटी हसले, शेत पास केलं आणि गाडीवर बसून गेले. मी बायांकडे वळून म्हटलं, ‘पाहा, पास झालं ना?’  शालिक ढिगाजवळ उकिडवा बसून झाडं एका बाजूला लावत होता. लोंब बाहेर न पडलेली झाडं. काही उपयोग नव्हता त्यांचा. तरी सरळ लावत होता, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला.

त्यानंतर आठेक दिवसांनी नागपूरहून एक पोरगा आला. एका संस्थेने पाठवलेला, कुर्ता, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. गोदामात सतरंजी टाकली. विषय काय, तर सहकाऱ्यांचे स्वभाव समजून घेणे. माणूस निसर्गासारखा असतो म्हणाला. कोणी डोंगर, कोणी नदी, कोणी वारा. त्याच्याकडे चित्रांचे पत्ते होते: देवदार, समुद्र, बर्फाचं शिखर. आमच्या कार्यालयात रेखा आहे, रामटेक्यांची पोरगी, संगणक आणि कागदपत्रं तिच्याकडे. तिने विचारलं, ‘सर, देवदार म्हणजे उंबरासारखा का?’ तो म्हणाला, ‘नाही, तो थंडीत होतो.’ रेखा म्हणाली, ‘मग तो आमच्यात कोणीच नाही.’

पोरगा हुशार होता, पत्ते ठेवून दिले. म्हणाला, ठीक आहे, तुमच्या आजूबाजूचं घ्या. प्रत्येकाने बाकी तिघांविषयी एक-एक चिठ्ठी लिहा, हा सहकारी निसर्गातली कोणती गोष्ट आहे. नाव घालू नका. आम्ही चौघंच: अध्यक्ष वामनराव, रेखा, शालिक, मी. त्या आठ बाया बाहेर पोती शिवत बसल्या होत्या. ज्यांचा जन्म झाडं पाहण्यात आणि निवडण्यात गेला त्यांना कोणी चिठ्ठी दिली नाही. तेव्हा मलाही सुचलं नाही, ते सोडा.

पोरगा चिठ्ठ्या उघडून वाचू लागला. वामनरावांना तिन्ही चिठ्ठ्या: वड, वड, आणि एक सांडवा. सांडवा मी लिहिला होता. तलाव काठोकाठ भरला की मगच सांडव्यावरून पाणी वाहतं, त्याआधी तो कोरडा ठणठणीत. वामनरावही तसेच, गळ्याशी आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ते ऐकून खूश झाले, त्यांना वाटलं मोठं काही आहे. रेखाला फुलपाखरू निघालं. ती तिथेच उसळली, ‘मी बी.एस्सी. झाली जी! फुलपाखरू कोणं लिहिलं?’ वामनराव छताकडे पाहू लागले. शालिकला बोडी, म्हणजे लहानसं तळं, मग शांत पाणी, आणि माझी चिठ्ठी: भारी धान.

मग माझ्या. पहिली: वादळ. दुसरी: वीज. ठीक आहे. हे शब्द शाळेच्या पुस्तकातून आलेले, त्यांनी कोणाला लागत नाही. तिसरी उघडून पोरगा अडखळला. ‘चिल्हाटी? हे काय असतं?’

बाहेरून बायांचा हसण्याचा आवाज आला. पोती शिवता शिवता कान आतच होते.

चिल्हाटी ही जंगलाच्या कडेची काटेरी वेल. आंबागडच्या बाजूला झुडपांवर चढलेली दिसते. काटे सरळ नसतात, उलटे असतात, गळासारखे. चालता चालता पदर अडकला आणि तुम्ही पुढे ओढला, की फाटलाच. तिच्यातून सुटायचं तर मागे यावं लागतं, तिच्याच दिशेने. रेखाने ती पाहिलेली नव्हती. वामनराव जंगलात गेले त्याला जमाना झाला. तेव्हा चिठ्ठी कोणाची हे मला विचारावं लागलं नाही. जो कधी अडकला असेल त्यालाच तो शब्द सुचतो. म्हणून तो लागला.

मी शालिककडे पाहिलं. तो सतरंजीचा धागा काढत होता.

पोरगा म्हणाला, यात चांगलं-वाईट काही नाही, प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे काम दिलं की गट फुलतो. आणि चहा पिऊन निघून गेला. त्याचं काम झालं. माझं बिघडलं. महिनाभराने बैठकीत वामनराव खाकरले, सांडवा वाहू लागला. ‘निर्मला, पुढच्या हंगामापासून शेतातलं शालिककडे देऊ. शांत माणूस हाये, बाया बी आरामात काम करतील. तू गोदाम पाह.’

‘काहून? माझ्या हातून एकतरी शेत बाद झालं का?’

‘तसं नाही गं. स्वभावाचं म्हणून राहिलो मी. त्या पोरानं नाही का सांगितलं.’

बारा वर्षं एका बाजूला आणि कागदाचा एक तुकडा एका बाजूला, आणि तुकडा जड निघाला. गावात नाव पसरायला वेळ लागला नाही. पिठाच्या गिरणीवर एक बाई दुसरीला म्हणाली, ‘सरक बाई, चिल्हाटी आली.’ मी ऐकलं. मी ऐकावं म्हणूनच ती म्हणाली.

यंदा रोवणी झाली तेव्हा मी गोदामात होते. पोती झटकत होते, उंदरांची बिळं बुजवत होते. रस्त्याने बाया जायच्या, डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या, पायात चिखलाचे मोजे. सिंधू दाराशी थांबून म्हणायची, ‘ताई, तुमी नसल्या तं बांधीत गमत नाही.’ मी म्हणायचे, ‘शिव्या खायची सवय लागली का?’ ती म्हणायची, ‘हो ना जी. शालिकभाऊ तं काही बोलतच नाही. दोन घंटे झाले तरी एका झाडाकडे पाहून राहते. आमाले झोप येते.’ ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू.

पण गोदामात बसलेल्या माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, आणि तो वेळ कामाचा नसतो. मी त्या चिठ्ठीला दहा उत्तरं तयार केली. एक असं: चिल्हाटी कोणी पाणी घालून लावत नाही, ती कडेला वाढते, कारण आतल्या झाडांना गुरांनी खाऊ नये म्हणून कोणीतरी कडेला काटे घेऊन उभं राहावं लागतं. फार छान वाटलं मला ते. पण दुसऱ्या दिवशी वाटलं, हे तर मी दुकानदाराशी बोलल्यासारखं बोलते आहे, माल माझा, गुण मीच सांगणार. मग त्या मेंढ्या बसलेल्या कोपऱ्याचा विचार यायचा. उंच झाड दिसलं की आपण म्हणतो, याची जातच वेगळी. जात तीच असते. त्याच्या मुळाखाली कोणता उन्हाळा गेला ते आपण पाहत नाही. त्या नागपूरच्या पोरानेही झाडं विचारली, जमीन विचारली नाही. माझ्या मुळाखाली आंधळगावचा बाजार आहे, ते टोपलं आहे, ते धोतरवाल्याचं मनगट आहे. हा विचार मला पटला, आणि लगेच बोचलाही. कारण तो मला सुचायला शालिकची झाडं उपटावी लागली होती, आणि ती उपटताना मी त्याला त्याचं वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

तीनच शब्द बोलू दिले होते मी त्याला मेंढ्यांच्या आधी. मी नंतर आठवून पाहिलं.

रागाचं असं असतं की तो स्वच्छ असला तर त्याच्यावर झोप लागते. माझा राग गढूळ झाला होता. त्यांनी मला काढलं ते चुकीचं, हे खरं. त्या दिवशी मी चुकले, हेही खरं. दोन्ही खरं असलं की माणसाने कोणावर ओरडावं?

परवा सकाळी तो वास आला, आणि दुपारी वामनरावांनी बैठक बोलावली. तपासणी चार दिवसांवर आलेली. शालिक आणि बायांनी आठवडाभरात दीड बांधी तपासली होती. सहा अजून तशाच उभ्या होत्या. शालिक प्रत्येक झाडाजवळ थांबतो, बुंधा पाहतो, लोंब पाहतो, शेजारच्या झाडाशी ताडून पाहतो. चुकीचं एकही झाड उपटलेलं नाही त्याने, रेखाने सांगितलं. पण या वेगाने साहेब आले तेव्हा पाच बांध्या भेसळीसकट उभ्या सापडल्या असत्या, आणि सगळ्या गटाचं बियाणं गेलं असतं.

वामनरावांच्या गळ्याशी आलं होतं. ‘निर्मला, तूच जा बाई आता. झालं गेलं सोड.’

हे ऐकायला मी वर्षभर थांबले होते. हातात आलेलं होतं, नुसतं उचलायचं. पण पहिल्या बोलीला माल उचलणं माझ्या रक्तात नाही.

‘जाते,’ मी म्हटलं. ‘पण आधी ती चिठ्ठी कोणं लिवली ते इथं सांगा. साऱ्याईच्या समोर.’

वामनराव म्हणाले, ‘आता ते कायले काढतं?’ रेखा म्हणाली, ‘ताई, वीज मी लिवली होती. चांगल्या अर्थानं.’

‘तुले नाही विचारून राहिली मी.’

‘मी लिवली,’ शालिक म्हणाला.

तो नाकारेल असं मला वाटलं होतं. त्याच्यासाठी माझी तयारी होती. कबुलीसाठी नव्हती.

‘काहून?’

आता तो गप्प. पंखा फिरत होता. वामनरावांनी मध्ये तोंड उघडलं, मी हात करून त्यांना थांबवलं. रेखा पेनाचं झाकण उघडबंद करत होती. माझ्या जिभेवर त्या दहा उत्तरांपैकी चार येऊन उभी होती, एकमेकींना ढकलत होती. मी दात आवळले. मला हे कुणी शिकवलेलं नाही. बाजारात जो थांबतो त्याचा माल दुसरा चाखून जातो. तरी थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही. बाहेर सिंधूचं एक पोतं शिवून झालं आणि तिने दुसरं घेतलं, एवढा.

‘मेंढ्या बसल्या होत्या म्हणून सांगून राहिलो होतो,’ तो म्हणाला. मग पुन्हा थांबला. मीही. ‘तुमी ऐकलं नाही. ते ठीक हाये, घाई होती. पण सकाळी साहेबानं सांगितलं, तरी तुमी नाही म्हटल्या. माझीच झाडं, माझ्याच धुऱ्यावर, अन् तुमी सांगून राहिल्या का ते माझं वाणच नाही.’ आणखी एक थांबा. ‘एकदा म्हटलं असतं, चुकलं बा शालिक, तं मी गेलो असतो विसरून.’

एवढं लांब बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. कदाचित तो नेहमीच एवढं बोलत असेल, आणि मी पहिल्या तीन शब्दांनंतर निघून जात असेन.

माझे डोळे भरले वगैरे नाही. मला रागच आला. त्याच्यावर, वामनरावांवर, त्या पोरावर, स्वतःवर, या सगळ्याला एक वर्ष लागलं त्यावर. एका वर्षात धानाची दोन पिकं निघतात.

‘चुकलं,’ मी म्हटलं. डोक्यावरचं पोतं आपटावं तसं. ‘झाडं चांगली होती. साहेबाले समजलं तेव्हा मले बी समजलं होतं. चूक माझी होती. अन् काम बी माझंच हाये. दोन्ही लिवून घ्या.’

रेखाने खरंच लिहून घेतलं. ती तशीच आहे, वेळेवर कापणी.

वामनराव सुटल्यासारखे म्हणाले, ‘चला, मग ठरलं. उद्यापासून निर्मला.’

‘थांबा जी,’ शालिक म्हणाला. त्याने वामनरावांना अडवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ‘ताई पुढं राहू द्या. बाया त्याईचंच ऐकतात. पण उपटायच्या आधी मले दाखवायचं.’

‘हरेक झाड?’ मी विचारलं.

‘हरेक.’

‘म्हणजे साहेब पुढच्या पोळ्याले येतील का? वीस झाली का एकदा दाखवते.’

‘हरेक, ताई.’

‘जे नजरेनंच दिसते, कुसळाचं, जांभळ्या बुंध्याचं, ते कायले दाखवू? ते मी उपटीन. ज्याच्याबद्दल मनात आलं का हे फक्त उंच हाये, ते ठेवीन. अशी दहा झाली का तुले बोलावीन.’

‘तीन.’

‘तीन? तू तीन झाडाईसाठी सहा बांध्या तुडवत येशील? आठ.’

‘चार.’

‘सात. माझ्या बापाची शपथ, सातच्या खाली येणार नाही.’

‘पाच,’ तो म्हणाला, आणि मग जे त्याला उत्तम जमतं ते केलं. गप्प बसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो सतरंजीकडे. दुकानदार इतका वेळ गप्प बसत नाहीत. त्यांना दुसरं गिऱ्हाईक असतं. याला नव्हतं. याच्याकडे फक्त वेळ होता. बारा वर्षांत एवढं महाग मला कोणी पडलं नाही.

‘पाच,’ मी म्हटलं. ‘पण पाय उचलून येजो.’

आज सकाळपासून आम्ही तिसऱ्या बांधीत आहोत. पाणी पोटरीपर्यंत, फुलं उघडलेली, बायांच्या ओळी, सिंधू कोणाच्या तरी सुनेची नक्कल करते आहे. काम झपाट्याने चाललं आहे. जांभळ्या बुंध्याची झाडं निघाली, कुसळाची निघाली, धुऱ्यावर ढीग वाढतो आहे. उंच झाडं मी मनात धरून सोडत आले. एक, दोन, तीन, चार. आता पाचवं माझ्या मुठीत आहे. हातभर उंच, काळपट, बुंधा सारखा वाटतो आहे, पण खात्री नाही. एक झटका दिला तर निघून येईल, मुळाची पकड मला हाताला कळते आहे.

‘शालिक!’ मी तिसऱ्यांदा ओरडले.

‘येऊन राहिलो, ताई.’

वरच्या बांधीत तो एका झाडाजवळ वाकला आहे. मी ज्या झाडासाठी बोलावलं ते हे नाही.